वासी नथी ने?

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या पाककलेच्या प्रवासाविषयी लिहा" असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. प्रवास वगैरे काही झालेला नाही. सुरतेच्या अडाजण भागात, एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, मी बावीस वर्षं ओट्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून ओट्यापर्यंत चालले. त्याला प्रवास म्हणायचं तर माझ्या गुडघ्यांनी तो पायीच केलेला आहे.

दारावर पाटी होती: 'रोजचा सोपा शाकाहारी स्वयंपाक आणि बिनअंड्याचे केक.' यातला 'सोपा' हा शब्द आमच्या ह्यांनी घातला. ते बँकेत होते. माणसाला आधी फॉर्म सोपा आहे म्हणून सांगायचं, भरायला बसला की तो आपोआप अडकतो, हा त्यांचा अनुभव. त्यांच्या शब्दाला जागून मी गेल्या वर्षी क्लास बंद करेपर्यंत बायकांना अडकवत राहिले.

बाहेरच्यांना वाटतं, क्लासमध्ये पदार्थ शिकवतात. पदार्थ हल्ली मोबाइल शिकवतो, आणि माझ्यापेक्षा गोड आवाजात शिकवतो. क्लासमध्ये शिकवायचा असतो हात. पीठ सैल म्हणजे किती सैल, फोडणी तडतडली म्हणजे कुठल्या क्षणी, कणीक कधी 'पुरे' म्हणते, हे बोट धरून दाखवावं लागतं. केकचं तर आणखीच. उधन्याहून एक लता यायची, घरी सगळे लूमवर काम करणारे, बोली खानदेशी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताई, अंडं नही, ते केक फुगस कसा?" बावीस वर्षांत इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नाही. बाकीच्या वरच्या चेरीविषयी विचारायच्या. लताला मी सांगितलं की दह्यात आंबटपणा असतो, खाण्याचा सोडा त्याला भेटला की भांडण होतं, बुडबुडे उठतात, आणि ते भांडण मिटायच्या आत टिन ओव्हनमध्ये गेला पाहिजे. तिला ते लगेच कळलं. चाळीत राहणारी होती.

माझी खरी पंचाईत शब्दांनी केली. मी धुळ्याची. गुजराती मला येते असा माझा समज होता आणि बायका सभ्य असल्यामुळे तो बरीच वर्षं टिकला. पहिल्याच बॅचला मी सांगितलं, एक वाटी साखर घ्या. पुढच्या आठवड्यात चारजणी चार केक घेऊन आल्या. कापायला गेलं की सुरी मध्येच खट्टकन अडायची. गुजरातीत आपल्या साखरेला खांड म्हणतात आणि साकर म्हणजे खडीसाखर. चौघींनी गुरुआज्ञा म्हणून खडे तसेच घातले होते. एकीच्या सासऱ्यांची दाढ त्यात गेली असं नंतर कळलं. भाकरीचंही तेच. मी ज्वारीची भाकरी शिकवणार म्हणाले, तर बायका तूप घातलेल्या गव्हाच्या कडक भाखरीच्या तयारीने आल्या आणि माझं थापणं बघून एकमेकींकडे बघू लागल्या.

हे सगळं मी हसत सांगत आले आहे. स्नेहसंमेलनात सांगितलं, लग्नांत सांगितलं. एका शब्दाचा किस्सा मात्र आजवर कुणाला सांगितला नाही. तो आता लिहिते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सविताबा राहतात. जैन. त्या काळात सत्तरीच्या आसपास असतील. उंचीने माझ्या खांद्याला, पण त्या जिन्यात उभ्या राहिल्या की वॉचमनसुद्धा बिडी विझवायचा. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. आयुष्यात बाहेरचं काही खाल्लेलं नाही. त्यांची सून हेतल शाळेत शिक्षिका. ती माझ्याकडे शनिवारी 'रोजचा स्वयंपाक'च्या वर्गाला यायची, केकच्या वर्गाला नाही. क्लास सुरू करून तिसरं वर्ष लागलं होतं, आणि बायका जेमतेम सहा.

एका रविवारी सकाळी मी साधा व्हॅनिलाचा केक कापला आणि सवयीने चार तुकडे बशीत घालून समोर दिले. हेतलने घेतले असते. दार उघडलं बांनी. त्यांनी बशीकडे पाहिलं आणि माझी उलटतपासणी घेतली. अंडं? नाही. मध? नाही. भांडी कांद्याची? नाही बा, केकची भांडी वेगळी ठेवते. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"बेन, वासी नथी ने?"

मी तत्परतेने केक नाकाशी नेला. मला वाटलं, वास येतो का विचारताहेत. बिनअंड्याच्या केकला कधी कधी सोड्याचा वास मारतो खरा. मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही हो बा, बिलकुल नाही! व्हॅनिला घातलाय ना!"

व्हॅनिलाचा संबंध त्यांना कळला नसावा. पण 'नाही' कळलं. त्यांनी तुकडा मोडला, उभ्या उभ्याच तोंडात टाकला आणि डोळे मिटले. सत्तर वर्षांच्या बाईने पहिल्यांदा केक खाताना मी पाहिलं आहे. शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? मी इतकी फुशारले की दर रविवारी सकाळी बशी समोर जाऊ लागली. बशी परत येताना रिकामी यायची नाही. खाखरे असायचे, सुकी भेळ असायची, मोसमात वाफवलेल्या तुरीच्या शेंगा असायच्या. दर रविवारी दारात तोच प्रश्न, दर रविवारी माझं तेच उत्तर. मला वाटायचं, बांचं नाक फार तिखट आहे.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. केक ओव्हनमधून काढला की लगेच कापू नये, भुगा होतो. आदल्या दिवशी करून, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला की तो बसतो, ओलावा सारखा पसरतो, सुरी लोण्यातून जावी तशी जाते. याला मी 'मुरू देणं' म्हणायचे. आपल्याकडे मुरलं म्हणजे चांगलंच झालं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूससुद्धा मुरलेला असला की आपण त्याचं कौतुक करतो. माझा रविवारचा केक शनिवारी संध्याकाळी भाजलेला असायचा. तो मुरलेला आहे याचा मला अभिमान होता.

मग एका शनिवारी वर्गात मेथीचे ठेपले होते. पीठ तिंबून होईपर्यंत बायकांना चव म्हणून मी आदल्या दिवशीचे ठेपले पुढे केले. हेतलने हात मागे घेतला. "जयश्रीबेन, आ तो वासी छे ने."

मी ठेपला नाकाला लावला. म्हटलं, "कुठे वास येतोय?"

सगळ्या इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं पीठ पडलं. मग हेतलने मला समजावून सांगितलं, आपण तिसरीच्या मुलाला समजावतो तसं. वासी म्हणजे वास येणारं नव्हे, वासी म्हणजे शिळं. पाण्याचा अंश असलेलं काहीही रात्र ओलांडून गेलं की ते वासी. त्यात जीव पडतात म्हणून आमच्यात ते चालत नाही. खाखरा सुका, म्हणून चालतो. पाव चालत नाही. रात्रीचं भिजवलेलं पीठसुद्धा आम्ही ठेवत नाही. "अने बा तो, लग्न झालं तेव्हापासून वासीचा कण नाही तोंडात. पन्नास वर्षं!"

मीही त्यांच्याबरोबर हसत होते. पन्नास वर्षं ऐकलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

हिंदीत बासी म्हणतात हे मला ठाऊक होतं. शिळ्या पोळीचा चिवडा मी स्वतः शिकवलेला आहे. पण हिंदीतला ब गुजरातीत व होऊन माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. वर्ग सुटल्यावर मी कॅलेंडरपुढे उभी राहून रविवार मोजले. अकरा झाले होते.

आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मुद्दाम केलंस का? नाही ना? मग गप्प बस. आता सांगून ते पोटातून परत येणार आहे का?" वर म्हणाले, "आणि त्यांना कळलं तर हेतल येईल का क्लासला? बाकीच्या येतील?" दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त पटलं, हे आज कबूल करते.

मग मी सोपा मार्ग काढला. पाटीवर शब्दच तो होता. दुसऱ्या दिवशीपासून पहाटे पाचला उठून केक करू लागले. उघड आहे, ताजा केक कापताना भुगा व्हायचा. मग मी सोडा कमी केला, दही टांगून घट्ट घेतलं, केक पंख्याखाली निववला आणि सुरीऐवजी दोऱ्याने कापला. दोन महिन्यांत असा केक बसला की मलाच नवल वाटलं. सकाळी केलेला, सकाळी कापलेला, तरी धारेला सरळ. नऊ वाजता बशी घेऊन दारात उभी राहिले की "वासी नथी ने?" आणि आता माझं "नाही बा" खरं असायचं. एका दिवसात खऱ्याची सवय लागते. मागचे अकरा रविवार मी त्या सवयीखाली झाकून टाकले.

पुढे काय झालं ते बघा. बांनी साध्वी उतरतात त्या उपाश्रयात सांगितलं, देरासरात म्हणजे देवळात सांगितलं, गोपीपुऱ्यातल्या बहिणीला सांगितलं: जयश्रीबेनचं वासी नसतं. ज्या बायकांनी जन्मात केकला हात लावला नव्हता त्या माझ्या दारात चपला काढू लागल्या. सहाच्या साठ झाल्या. 'सकाळचा केक' म्हणून माझा वेगळा वर्ग निघाला, त्यासाठी कामरेजहून बायका बस बदलून यायच्या. मला लोक कौतुकाने म्हणत, "तुम्ही मराठी असून किती पाळता हो!" मी नम्रपणे मान खाली घालायचे. ती नम्रता नव्हती, पण दिसायला तशीच दिसते.

आणि दरवर्षी संवत्सरी यायची. पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जैन माणूस लहानथोर न बघता हात जोडून क्षमा मागतो. बा आपल्या हाताने माझी बेल वाजवायच्या. माझ्यापेक्षा वयाने एवढ्या मोठ्या, पण हात जोडून, मान झुकवून म्हणायच्या, "जाणतां-अजाणतां मन दुभाव्युं होय तो, मिच्छामि दुक्कडम्." मीही हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्, बा" म्हणायचे आणि आत चहाचं आधण ठेवायला पळायचे. अशी सहा वर्षं मी आधणामागे लपले.

सातव्या वर्षी, संवत्सरीच्या आठवडाभर आधी, जिन्यात नवीन राहायला आलेल्या एका बाईने बांना प्रसादाचे पेढे दिले. दुकानातले होते. बांनी हात जोडून नको म्हटलं. मी शेजारीच भाजीची पिशवी घेऊन उभी. त्या बाई म्हणाल्या, पण तुम्ही ह्यांच्याकडचा केक तर खाता ना? बा म्हणाल्या, "हुं बहारनुं खाती नथी. जयश्रीबेननुं बहारनुं ना गणाय."

माझ्याकडचं त्यांच्या लेखी बाहेरचं नव्हतं. मी पिशवी घेऊन घरात आले आणि ओट्याला टेकून रडले. आमचे हे घाबरले. त्यांना वाटलं, भाजीवाल्याशी भांडण झालं.

संवत्सरीला बेल वाजली. बांनी हात जोडले, वाक्य म्हटलं. मी चहाकडे पळाले नाही. दारातच सगळं सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. घाबरले की माझी गुजराती नाहीशी होते. वास, वासी, फडकं, शनिवार, अकरा. बांचे हात तसेच जोडलेले होते. मी थांबल्यावर म्हणाल्या, "केटली वार?"

"अकरा वेळा, बा. मला शब्द कळला नव्हता, शपथ सांगते."

"शब्द क्यारे समज्यां?"

शब्द कधी कळला? हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, सहा वर्षं झाली.

तेव्हा त्यांनी हात खाली घेतले. "अने दर वरसे मारी सामे हाथ जोडीने मिच्छामि दुक्कडम् बोल्यां?" आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "केकनुं हुं करी लईश. छ वरसनुं तमे जाणो."

केकचं मी बघते, सहा वर्षांचं तुमचं तुम्ही जाणा. इतकं बोलून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेतलकडून कळलं, बांनी उपाश्रयात जाऊन साध्वीजींपुढे सांगितलं. साध्वीजी म्हणाल्या, अजाणता घडलं, वय झालंय, तीन आयंबिल करा. बा म्हणाल्या, खाल्लं अकरा वेळा तर अकराच. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं, आणि त्या जेवणात दूध, दही, तूप, तेल, साखर, गूळ काही नाही, भाजी नाही, फळ नाही. उकडलेलं धान्य, कडधान्य, मीठ, मिरी. प्यायला उकळून गार केलेलं पाणी.

सांगून मला हलकं वाटलं होतं, हे लपवत नाही. मी हलकी झाले आणि पंचाहत्तरीला आलेली बाई अकरा दिवस कोरडी पोळी खाणार होती. मी हेतलला म्हटलं, मी रांधते. तुझी शाळा असते. हेतलने आत जाऊन विचारलं. बाहेर येऊन म्हणाली, "बा काही बोलल्या नाहीत." म्हणजे नाही म्हणाल्या नव्हत्या.

बावीस वर्षांत मी कितीजणींना स्वयंपाक शिकवला, पण खरी परीक्षा त्या अकरा दिवसांत झाली, बांच्या स्वयंपाकघरात, बांच्या भांड्यांत. फोडणी नाही, कोथिंबीर नाही, वर तुपाची धार नाही. स्वयंपाक बिघडला की आपण ज्याच्या मागे लपतो ते सगळं काढून घेतलेलं. पहिल्या दिवशी मूग आणि भात केला, तो मला स्वतःला गिळवेना. दुसऱ्या दिवशी जाड पोळी. तिसऱ्या दिवशी कळलं की मूग आधी कोरडे भाजून घेतले तर घरभर वास सुटतो. हा वास चांगल्या अर्थाने. गव्हाचा जाड रवा भाजून, मिरी-मीठ घालून शिजवला तर त्याला स्वतःची गोडी असते, ती आपण आयुष्यभर साखरेखाली दडपतो. बा पाटावर बसून जेवायच्या, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायच्या, आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. मी खाली मान घालून ओटा पुसायचे.

सातव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मरी वधारे पडी गयां, बेन."

मिरी जास्त पडली होती. आयुष्यात माझ्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवल्याचा एवढा आनंद मला झाला नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, बांनी मला बेन म्हटलं.

अकरा झाले. बाराव्या दिवशी नेमका रविवार होता. केक करावा की करू नये या विचारात मी पाचला उठून नुसतीच बसले होते. शेवटी केला. पीठ टिनमध्ये ओतत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात बा. अंघोळ झालेली, पांढरी साडी, हातात त्यांच्या घरातलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल. मला बाजूला सारून त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या, ओव्हनसमोर स्टूल ठेवलं आणि बसल्या.

"हवे पूछवुं नथी, बेन," त्या म्हणाल्या. "जोवुं छे." आता विचारायचं नाही, बघायचंय.

मी टिन आत ठेवला. पस्तीस मिनिटं त्या काचेतून बघत राहिल्या. केक फुगला तेव्हा "अरे वाह" म्हणाल्या. तो पंख्याखाली निवेपर्यंत माळ जपली. सूर्योदयानंतर दोन घटका होईपर्यंत बा तोंडात काही घालत नाहीत; त्या होऊन गेल्यावर मी दोऱ्याने कापला आणि त्यांनी दोन तुकडे खाल्ले, आवडीने. जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या.

तेव्हापासून क्लास बंद झाल्यावरही रविवारचा केक चालू आहे. बा येतात, स्टूल घेऊन. आमच्या पुष्कळ गप्पा होतात. नातवाचं लग्न, हेतलची बदली, माझी साखर, म्हणजे रक्तातली. केक मागवणाऱ्या बाकीच्या बायका आजही फोनवर विचारतात, "वासी नथी ने?" आणि मी नाही म्हटलं की निर्धास्तपणे घेऊन जातात. बांनी मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

हल्ली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. ऑपरेशनला तयार नाहीत. परवाच्या रविवारी त्या भिंत चाचपत आल्या. ओव्हनची काच कुठे आहे तेही त्यांना नीट दिसत नव्हतं. मला भरून आलं. म्हटलं, "बा, कशाला त्रास घेता? तुम्ही घरी पडून राहा, मी आणून देईन. मी सांगते ना, सकाळचाच असेल."

बांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. हसल्या. आणि स्टूल ओव्हनच्या आणखी जवळ ओढून घेतलं.